तांडेल मॅडमचा पट

तांडेल मॅडम जाऊन तीन महिने झाले. त्यांच्यावर एक पुस्तिका काढायची म्हणून शिक्षण खात्यातले दोघेजण भांडुपचा आमचा डोंगर चढून माझ्या खोलीवर आले. धापा टाकत होते. पाणी प्यायले आणि म्हणाले, "घाडीकाका, तुम्ही एकोणीस वर्षं मॅडमची बॅग उचललीत. तुम्हीपण दोन पानं द्या."

मी म्हटलं, "मी शिपाई माणूस. सातवी नापास."

"तुम्ही बोला, आम्ही लिहून घेतो."

"नको. तुम्ही लिहून घेतलंत की ते तुमच्यासारखं होणार."

त्यांनी बाकीच्यांचे आलेले लेख मला दाखवले. कोणी मुख्याध्यापक, कोणी निवृत्त अधिकारी. सगळ्यांनी एकाच दुकानातून शब्द आणलेले. शिस्तप्रिय, कर्तव्यदक्ष, मृदुभाषी. मृदुभाषी वाचून मला हसू फुटलं. मोठ्याने हसलो. माझी बायको मंदा जाऊन दीड वर्ष झालं, तेव्हापासून मी पहिल्यांदा हसलो असेन. ते दोघे घाबरून एकमेकांकडे बघायला लागले.

म्हणून हे मी स्वतः लिहितोय. शुद्धलेखन तपासायचं तर तपासा. मजकुराला हात लावू नका.

मॅडमचं नाव हिरा तांडेल. भांडुप गावातल्या कोळ्याच्या घरातल्या. वडील खाडीत जायचे, आई मुलुंडच्या बाजारात मासे विकायला बसायची. मॅडम पालिकेच्या शाळेत शिकल्या, पालिकेच्याच शाळेत शिक्षिका झाल्या. मग मुख्याध्यापिका, मग निरीक्षक, मग प्रशासकीय अधिकारी, आणि शेवटी उपशिक्षणाधिकारी. मुलुंडपासून घाटकोपरपर्यंतच्या पालिकेच्या शाळा त्यांच्या हाताखाली होत्या. वर एकच खुर्ची राहिली होती, शिक्षणाधिकाऱ्याची. ती मिळाली नाही. का नाही ते सांगतो. बाकी कुठल्या साली कुठे बदली झाली ते दुसऱ्यांनी लिहिलंय, तिथे वाचा.

अंगाने थोराड, आवाज खणखणीत, साडी घोट्याच्या वर. चालायच्या अशा की मागून बॅग घेऊन मला पळावं लागायचं. बाकी साहेब लोक शाळेला भेट द्यायचे तेव्हा आधी फोन जायचा. मॅडमचा फोन कधी गेला नाही. गाडी शाळेपासून लांब, कोपऱ्यावर उभी करायची. तिथून पायी. आणि गेटच्या बाहेर दोन-तीन मिनिटं नुसतं उभं राहायचं. डोळे मिटून.

पहिल्यांदा मला वाटलं चक्कर आली. मी विचारलं, "मॅडम, पाणी आणू?"

"गप रे. कल्ला बघतेय."

मग आत जाताना सांगितलं. आई त्यांना शिकवायची, मासा ताजा की शिळा ते कल्ला उघडून बघायचं. आत लाल असेल तर घे, काळा पडला असेल तर टाक. "शाळेचापण कल्लाच बघायचा, घाडी. पोरांचा कल्ला ऐकू आला तर शाळा ताजी. चिडीचूप असेल तर दोन गोष्टी. एक तर पोरं घाबरलेली आहेत, नाहीतर पोरं नाहीतच."

आत गेल्यावर मुख्याध्यापकाची खुर्ची पुढे यायची. त्या बसायच्या नाहीत. चहा यायचा. "आधी पाणी," म्हणायच्या, आणि पोरांच्या नळावर जाऊन पोरांच्याच ग्लासातून पाणी प्यायच्या. टाकी साफ नसेल तर त्या पाण्याला वास यायचा. तरी प्यायच्या, आणि मुख्याध्यापकालापण प्यायला लावायच्या. एकदा विक्रोळीच्या एका शाळेत मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, मी बाटली आणतो घरून." मॅडम म्हणाल्या, "मग पोरांनापण तुमच्या घरी पाठवू का पाणी प्यायला?" दोन महिन्यांत सगळ्या शाळांच्या टाक्या धुतल्या गेल्या. परिपत्रक एकही निघालं नाही.

पाण्यानंतर संडास. पोरांचे संडास उघडे, घाण, आणि बाजूला एकाला कुलूप. ते पाहुण्यांसाठी. मॅडम हात पुढे करायच्या, "चावी." चावी त्या पर्समध्ये टाकायच्या आणि घेऊन जायच्या. कुलूप पोरांसमोर उघडून ठेवायच्या. त्यांच्या टेबलाच्या खणात अशा चाव्यांचा जुडगा होता. निवृत्त झाल्या तेव्हा मला म्हणाल्या, "भंगारात दे." मी विचारलं, परत करायच्या नाहीत का? "ज्याची त्याला दिली तर परत कुलूप लावतील."

जेवणाच्या डब्यात सुक्या बोंबलाची चटणी हमखास. मोठ्या ऑफिसात एकदा दुपारी बैठक लांबली. मॅडमनी तिथेच डबा उघडला. एक साहेब नाकाला रुमाल लावून बसले. मॅडमनी उठून खिडकी उघडली आणि येऊन परत जेवायला बसल्या. मग त्यांचा आवाज चढला कशावरून तरी, तेव्हा ते साहेब म्हणाले, "मॅडम, मीटिंगचा मासळी बाजार करू नका."

मी दारात फाईली घेऊन उभा. मला वाटलं, वाट लागली.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मासळी बाजारात दोन मिनिटांत भाव ठरतो, साहेब. इथे तीन तास झाले, अजून काही ठरलं नाही."

आता म्हणाल, घाडी नुसती स्तुती करतोय. तर ऐका. बाई तापट होती. डोक्यात गेलं की समोरचा कोण ते बघायची नाही. घाटकोपरच्या एका शाळेत एक शिक्षिका सलग तिसऱ्या दिवशी गैरहजर. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मॅडमनी तिला सगळ्या स्टाफसमोर असं झापलं की ती भिंतीला धरून उभी राहिली. नंतर कळलं, तिचा मुलगा हॉस्पिटलात होता, आणि रजेचा अर्ज क्लार्कच्या फाईलीत पडून होता. मॅडमना सांगितलं.  माफीबिफी नाही. माफी मागणं त्यांना येतच नव्हतं, कधी शिकल्याच नव्हत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाल्या, "घाटकोपर." त्या शिक्षिकेला घरी पाठवलं आणि चार दिवस तिचा तिसरीचा वर्ग स्वतः घेतला. उपशिक्षणाधिकारी फळ्यावर भागाकार शिकवतेय, आणि मी बाहेर खात्याच्या फाईली घेऊन सह्यांसाठी उभा. मधल्या सुट्टीत सह्या करायच्या, हाताला खडू लागलेला. त्या आठवड्यात गेलेल्या सगळ्या कागदांवर पांढरे डाग होते.

आता डोंगरावरच्या शाळेचं.

ही शाळा माझ्या खोलीपासून हाकेच्या अंतरावर. मराठी माध्यम, चार वर्ग, मोडकी बाकं. आमच्या डोंगरावर कोकणातले लोक जुने, आणि नंतर आलेले जालना-परभणीकडचे, बरेचसे बौद्ध. कोणी वॉचमन, कोणी गाड्या धुतो, बायका खाली मुलुंडच्या सोसायट्यांत कामाला. त्या वर्षी वरून फर्मान आलं. ज्या शाळेचा पट, म्हणजे नाव लागलेली पोरं, साठाच्या आत असेल ती शाळा जवळच्या शाळेत मिळवून टाकायची. आमची जवळची शाळा डोंगराच्या पायथ्याला, तीपण मोठ्या रस्त्याच्या पलीकडे. पहिलीतलं पोर तो रस्ता एकटं कसं ओलांडणार? आईबाप तर पहाटेच कामाला गेलेले. म्हणजे शाळा खाली गेली की बारकी पोरं घरात बसणार. पोरी तर नक्कीच. डोंगरावर सगळ्यांना हे ठाऊक होतं. मंदा तर रोज माझं डोकं खायची, "तुमच्या मॅडमांका सांगा मां कायतरी." ती मालवणकडची, चाळीस वर्षं मुंबईत राहून तिने भाषा सोडली नाही.

शाळेचे मुख्याध्यापक सावंत सर. भला माणूस, रिटायरमेंटला एक वर्ष. त्यांनी पट कळवला त्रेसष्ट. सगळे खूश. मीपण.

ऑगस्ट महिन्यात मॅडम आल्या. गेटबाहेर उभ्या राहिल्या. डोळे मिटले. मला शाळा आपली नेहमीसारखी वाटत होती, पोरं पाढे म्हणत होती. मॅडम डोळे उघडून म्हणाल्या, "घाडी, हा त्रेसष्टांचा कल्ला नाय."

आत जाऊन त्यांनी स्वतः हजेरी घेतली. नाव घ्यायच्या, पोर उभं राहायचं. मध्येच नाव घ्यायच्या आणि कोणी उभं राहायचं नाही. "गावाला गेलाय," सावंत सर म्हणायचे. परत नाव. "गावाला." पाचव्या गावाला मॅडमनी पेन खाली ठेवलं. उभी राहिलेली पोरं भरली एक्केचाळीस.

पोरांना मैदानात पाठवून मॅडमनी दार लावलं. रागावल्या की त्यांची घरची कोळी भाषा बाहेर यायची. "कनला खोटा लिवलंस रं?" म्हणजे कशाला खोटं लिहिलंस.

सावंत सरांनी चष्मा काढला. "शाळा वाचवायला, मॅडम."

"अशी वाचते?"

"मग कशी वाचवू? तुम्हीच सांगा. पोरं कुठून आणू?"

मॅडमनी लाल पेनाने बावीस नावं एकेक करून खोडली.  मी त्याच डोंगरावर राहणारा, आणि माझ्या डोळ्यांसमोर माझ्या डोंगरावरची शाळा खोडली जात होती. त्या वर्षाचा पट पक्का धरला जायचा सप्टेंबर संपताना. हातात पाच आठवडे.

खात्याकडे एक यादी होती. दवाखान्यातल्या लसीच्या नोंदीवरून काढलेली, शाळेच्या वयाची पण शाळेत नसलेली पोरं. आमच्या डोंगरावरची छत्तीस नावं. सर्वेवाले येऊन गेले होते आणि प्रत्येक नावापुढे एकच शेरा होता: पत्त्यावर आढळून आले नाही. छत्तीस वेळा तेच. मॅडम ती यादी घेऊन स्वतः चढल्या. मी मागे.

दोन दिवस आम्ही फिरलो. "अनिकेत राजाराम इथे कुठे राहतो?" लोक मान हलवायचे. "वैष्णवी तुकाराम?" "अशी कोणी नाही बाई इथे." दारं अर्धवट उघडायची आणि लागायची. लोकांना वाटायचं झोपड्या मोजायला आले. दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडम दमून आमच्या खोलीत येऊन बसल्या. मंदाने पाणी दिलं. मॅडम म्हणाल्या, "घाडी, वाच रे ती यादी परत. काहीतरी चुकतंय."

मी वाचायला लागलो. मंदाला अक्षर येत नव्हतं, पण कान तिखट. चौथ्या नावाला ती चुलीकडून वळली.

"राजारामाचो? अवो, तो बाबलो! आत्ताच हयसून पाण्याचो कॅन घेवन गेलो."

मॅडम म्हणाल्या, "आणि वैष्णवी तुकाराम?"

"वैष्णवी म्हणे! तिका आवस सुद्धा छकली म्हणता. तिका स्वतःक म्हायत नसात आपला नाव वैष्णवी म्हणान."

मॅडम उठून उभ्या राहिल्या. मंदाकडे बघत राहिल्या. जन्मदाखल्यावर एक नाव, आणि हाक मारायचं दुसरंच. दाखल्यावरचं नाव कोणी उच्चारतच नव्हतं, कारण ते उच्चारायची जागा म्हणजे शाळा, आणि पोर शाळेत गेलंच नव्हतं. सर्वेवाले वर्षानुवर्षं येत होते, कागदावरचं नाव विचारत होते आणि "आढळून आले नाही" लिहून उतरत होते. पोर त्यांच्यासमोर गोट्या खेळत असायचं.

मंदा म्हणाली, "बाई, तुमी पोरां मोजतास. मी पोरां वळाखतंय."

असं कोणी मॅडमना बोललेलं मी ऐकलं नव्हतं. मला वाटलं आता भडकतील. मॅडम म्हणाल्या, "चल मग. चप्पल घाल."

पुढचे वीस दिवस ऑफिस सुटल्यावर आणि रविवारी पूर्ण दिवस त्या दोघी फिरल्या. पुढे मंदा, मागे मॅडम, त्यांच्या मागे वही घेऊन मी. मंदा दारात शाळेचं नाव काढायची नाही. आधी विचारायची नळाला पाणी कधी आलं, सासूचा गुडघा कसा आहे. मॅडम मध्येच तोंड उघडायच्या, "शिक्षण हा मुलांचा हक्क..." की मंदा त्यांचा हात दाबायची. "बाई, तुमी गप ऱ्हवा. मी बोलतंय." आणि सगळ्या पूर्व उपनगरातल्या मुख्याध्यापकांना थरथर कापायला लावणारी बाई खरंच गप राहायची.

एका दारात मात्र मंदाचंही चाललं नाही. जालन्याकडची सविता म्हणून बाई, ती मुलुंडला चार घरची कामं करायची. तिची नऊ वर्षांची पोरगी, हाक मारायचं नाव राणी, घरात वर्षाच्या भावाला सांभाळायची. सविता म्हणाली, "ताई, शाळा चांगली आहे, मलाबी कळतं. माझ्या बापाने मला शाळेतून काढलं तेव्हा मी आठ दिवस जेवले नव्हते. पण ह्याला कुठं ठेवू? तुम्ही सांगा ना."

 मॅडम म्हणाल्या, "त्यालापण आण."

"एवढ्याशाला? शाळेत?"

"शाळेतल्या बालवाडीच्या बाई खमक्या आहेत. आणि नाही सांभाळला तर माझ्या ऑफिसात आणून ठेव. माझ्या टेबलावर भरपूर जागा आहे, फाईली तशाही कोणी वाचत नाही."

राणी आली. कडेवर भाऊ घेऊन दुसरीत बसली. मॅडमनी सावंत सरांना पटाच्या रजिस्टरात पेन्सिलने एक रकाना आखायला लावला: हाकेचं नाव. वरच्या ऑफिसातून विचारणा आली की नमुन्यात हा रकाना नाही. मॅडमनी उलट लिहिलं, नमुन्यात पोरंपण नाहीत. पुढे भांडुप आणि विक्रोळीच्या बऱ्याच शाळांनी तो रकाना आखला. अजून आखतात.

सप्टेंबर संपला. मोजणीच्या दिवशी मॅडमनी पुन्हा हजेरी घेतली. एकेक पोर उभं राहिलं. सतरा नवी. एकूण अठ्ठावन्न.

सावंत सर हात जोडून म्हणाले, "मॅडम, दोनच. खोडलेल्यातली दोन भावंडं खरंच दिवाळीनंतर परत येणार आहेत. त्यांच्या काकाने सांगितलंय. तेवढी दोन राहू द्या."

"येतील तेव्हा लिहा."

"तोवर शाळा राहणार नाही!"

मॅडमनी अठ्ठावन्न लिहिलं, आकड्यात आणि अक्षरात, आणि खाली सही केली.

मंदा दारात उभी होती. वीस दिवस पायाला फोड येईपर्यंत फिरलेली. ती आत आली आणि मॅडमसमोर उभी राहिली. "दोन नावांसाठी अठ्ठावन पोरांक खाली धाडतास? ह्यां तुमचां खरां? जळला ता खरां!" आणि निघून गेली. त्या दिवसापासून तिने मॅडमशी बोलणं टाकलं. घरात माझ्याशीपण. मी म्हटलं, मी काय केलं? म्हणाली, "तुमी बॅग उचलतास मां तिची."

आठ दिवसांनी मॅडमना मोठ्या साहेबांनी बोलावलं. मी नेहमीप्रमाणे दारात. दार पुरतं लागत नसे, सगळं ऐकू यायचं.

साहेब म्हणाले, "सावंतांचा जुना कागद त्रेसष्टचा होता, मॅडम."

"खोटा होता."

"आणि आता दोन कमी. मुख्याध्यापक म्हणतात दोन पोरं येणार आहेत."

"म्हणतात."

साहेबांनी मग आवाज मऊ केला. "हे बघा, मलापण ती शाळा बंद करायची हौस नाही. तुम्ही साठ लिहून आणा, मी डोळे मिटून सही करतो. तुमचं पुढचंपण मला बघायचंय. फाईल इथेच आहे तुमची."

कुठली फाईल ते मला ठाऊक होतं. वरच्या खुर्चीची. मी मनात म्हटलं, लिहा मॅडम. आयुष्यात एकदा लिहा. शाळा वाचेल, तुम्ही साहेब व्हाल, आणि माझी बायको माझ्याशी बोलेल.

मॅडम म्हणाल्या, "डोळे उघडे ठेवा, साहेब, आणि अठ्ठावन्नावर सही करा. साठ लिहिलं तर पुढच्या वर्षी कोणीतरी मोजायला येईल. दोन कमी भरतील. मग ही अठ्ठावन्नपण खोटी म्हणतील. ज्या पोरांना इतकी वर्षं आढळली नाहीत म्हणून सोडून दिलं, ती वीस दिवस दारं वाजवून शोधलीत आम्ही. त्यांच्या शेजारी मी खोटं नाव बसवणार नाही."

"नियम साठाचा आहे."

"नियम तुमचा आहे. पोरं खरी आहेत. तपासून घ्या."

त्यांनी यादी टेबलावर टाकली. प्रत्येक पोराची दोन्ही नावं, आणि कुठल्या दारातून आणलं ते.  मग साहेब वाचताना ऐकू आले, "बाबलो... छकली... गुंड्या... हे काय आहे?" आणि हसले. हसता हसता थांबले. परत वाचायला लागले, पहिल्या पानापासून.

बाहेर आल्या तेव्हा कागदावर शेरा होता, एक वर्षाची मुदत. त्यांची स्वतःची फाईल मात्र टेबलावरच राहिली. चार महिन्यांनी त्या खुर्चीवर दुसरे कोणी आले. त्यांच्या स्वागताला हार मीच आणला, मॅडमनीच पाठवलं होतं. म्हणाल्या, "झेंडूचा आण, जरा ताजा बघून. बिचाऱ्याला आता रोज मीटिंगा आहेत."

वाईट वाटलं का, असं मी एकदाच विचारलं. म्हणाल्या, "वाटलं ना. न वाटायला मी काय दगड आहे? पण कामाला लाग, मुलुंडला जायचंय."

एक वर्षाच्या मुदतीचं मी घरी येऊन सांगितलं.  दुसऱ्या दिवशी माझ्या हातात दोन डबे दिले. एक माझा, एक त्यांचा. बांगड्याची कढी, तिरफळं घातलेली. मॅडमनी डबा उघडला, वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "तिरफळ कशाला घालता रे तुम्ही लोक? माशाची पार वाट लावता." आणि डबा बोटाने पुसून खाल्ला. मी घरी जाऊन दोन्ही गोष्टी सांगितल्या. मंदा म्हणाली, "कोळणीक काय कळता." पण हसली.

पुढच्या जून महिन्यात मंदा एकटी फिरली, कोणी न सांगता. पट बहात्तर झाला. सावंत सर रिटायर झाले, मॅडम झाल्या, मी झालो. मंदा मात्र दर जूनला फिरायची. कोणत्या दारात नवीन बिऱ्हाड आलं, कोणाचं पोर सहा वर्षांचं झालं, सगळं तिच्या डोक्यात. शाळेने तिला कधी काही दिलं नाही, तिनेही मागितलं नाही.

मग मंदा गेली. छातीत दुखतंय म्हणाली, आणि खाली उतरवेपर्यंत संपलं होतं. त्यानंतरचे महिने मी दार लावून काढले. सांगण्यासारखं काही नाही त्यात. खोलीत तिची चप्पल होती, ती मी हलवली नाही.

शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात सकाळी दार वाजलं. मॅडम. पंच्याहत्तरी जवळ आलेली, दोन्ही गुडघे गेलेले, हातात काठी. एवढा डोंगर कशा चढल्या देव जाणे. मयताला आल्या होत्या तेव्हाही काही बोलल्या नव्हत्या, आताही मंदाचं नाव काढलं नाही. दारातूनच म्हणाल्या, "घाडी, पट कोण बघतंय यंदा?"

मी म्हटलं, "मंदा नाही आता."

"माहितेय. म्हणून आले. चौकशी केली शाळेत. पहिलीत पाच नावं आहेत. पाच! हा डोंगर म्हातारा झाला काय?"

"मॅडम, मला जमणार नाही. लोक हिच्याशी बोलायचे. माझ्याशी कोण बोलणार?"

"माझ्याशी तरी कुठे बोलत होते? ऊठ. दाढी कर. वही आहे का?"

दाढी केली. वही घेतली. सगळ्यात वरच्या चाळीपासून सुरू करायचं ठरलं, कारण नवीन लोक तिथेच येऊन राहतात. पायऱ्यांवर मॅडम चार वेळा बसल्या. प्रत्येक वेळी म्हणायच्या, "तू पुढे हो," आणि मी पुढे झालो की, "थांब रे, आले." त्यानंतर त्या परत कधी डोंगर चढल्या नाहीत. मीही त्यांना परत पाहिलं नाही.

वरचं पहिलं दार निळं, पत्र्याचं. काठीने वाजवलं. एका तरुण बाईने अर्धं उघडलं, हाताला कणीक, कपाळाला आठ्या. "कोण पाहिजे? ऑफिसातून आलात काय?"

मी मागे उभा. मला वाटलं आता मॅडम सांगतील, निवृत्त उपशिक्षणाधिकारी, बृहन्मुंबई अमुक तमुक. त्यांनी चप्पल काढली. भिंतीला धरून, एकेक पाय. "नाही गं. मी शाळेतली बाई. गुडघे दुखतात माझे, जरा उंबऱ्यावर बसू का?"

बाईच्या आठ्या गेल्या. तिने दार पूर्ण उघडलं. मॅडम उंबऱ्यावर टेकल्या, काठी आडवी ठेवली. आतून एक चिमुरडी येऊन त्यांच्या काठीला हात लावून बघायला लागली. मॅडमनी तिला काठी दिली. मग मागे वळून माझ्याकडे बघितलं, आणि तोच जुना आवाज लावला.

"तू काय उभा राहिलास? पुढचं दार वाजव."

मी पुढचं दार वाजवलं.